जवाचा घाट

कोरियन शिकणाऱ्याला 'कोसेंग' हा शब्द लवकरच भेटतो. हाल, कष्ट, सोसणे असा त्याचा अर्थ. यातली दोन्ही अक्षरे मूळ चिनी: 'को' म्हणजे कडू, 'सेंग' म्हणजे जगणे. दिवसभर राबलेल्या सहकाऱ्याचा निरोप घेताना कोरियन माणूस 'तुम्ही कोसेंग केलेत' असे म्हणतो. आपण 'दमला असाल' म्हणतो, त्याच्या जवळचे. मात्र वडीलधाऱ्यांना असे म्हटलेले काहींना खटकते. मग पाठ होते ती म्हण: 'कोसेंग क्कुथे नागि ओन्दा', कष्टाच्या शेवटी सुख येते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामामागे. मराठी माणसाला ती चटकन जमते. पण ही म्हण इतकी गुळगुळीत आहे, की तिच्यामागचे सोसणे तिच्यातून दिसत नाही.

ते दिसते 'बोरिक्कोगे' या शब्दात. 'बोरि' म्हणजे जव, 'कोगे' म्हणजे घाट. शरदात भात कापायचे, जमीनदाराचा खंड आणि कर्ज फेडायचे, उरलेल्या तांदळावर हिवाळा काढायचा. वसंतात घरातले धान्य संपे आणि शेतातला जव तर अजून हिरवाच असे. मधले हे उपाशी आठवडे म्हणजे जवाचा घाट. तेव्हा लोक रानभाज्या, मुळे, पाइनच्या सालीचा आतला पदर खात. 'छोगुन्मोक्फी', म्हणजे गवताची मुळे नि झाडाची साल, हा चार अक्षरांचा शब्द आजही हलाखीच्या जिण्यासाठी वापरतात. जवाचा घाट थैसान पर्वताहून उंच, अशी म्हणही आहे. थैसान हा चीनमधला पवित्र पर्वत. बहुतेक कोरियन शेतकऱ्यांनी तो पाहिलेलाही नसणार. मला यातला 'घाट' महत्त्वाचा वाटतो. भुकेला खड्डा म्हटले असते तर त्यातून बाहेर पडण्याची खात्री नव्हती. घाट चढायचा असतो, आणि त्याला पलीकडची बाजू असते.

जपानी राजवट (1910 ते 1945) आणि युद्ध (1950 ते 1953) यांतून हा घाट टिकून राहिला. 1970च्या दशकात 'थोंगिल' या भरघोस उत्पन्नाच्या भाताचा प्रसार झाला, तोवर दक्षिण कोरियात तो मागे पडू लागला होता. शब्द मात्र उरला.

दोन म्हणी आपल्या म्हणींशेजारी ठेवून पाहाव्यात. आपण म्हणतो, आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार? कोरियन म्हणते, आभाळ कोसळले तरी वर निघायला भोक असतेच. आपण म्हणतो, ज्याने चोच दिली तो चारा देईल. कोरियन विचारते, जित्या तोंडावर कोळी जाळे विणील का? दुसऱ्या म्हणीत देव नाही. तोंड हलते आहे तोवर ते काहीतरी खाईलच, एवढाच हिशोब.

याच भाषेत 'तरुणपणीचे कोसेंग विकत घेऊनही करावे' अशीही म्हण आहे. यादीत वाचताना ती शूर वाटते. ऐकणाऱ्या पोराला ती कशी वाटते, हा वेगळा प्रश्न. 2010 साली निघालेले किम नान्दो या प्राध्यापकांचे 'दुखते म्हणूनच तारुण्य' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक तुफान खपले. पुढे नोकरी आणि घरभाड्याने पिचलेल्या तरुणांनी त्या नावाची टिंगल चालवली. 2015च्या सुमारास ते आपल्या देशाला 'हेल जोसन' म्हणू लागले: 'जोसन' हे जुन्या राजवटीचे नाव आणि त्याच्यापुढे इंग्रजीतला नरक. घाट चढलेल्या पिढीने आपल्या उपासमारीतून नातवंडांसाठी उपदेश काढला. पण नातवंडांना पलीकडची बाजू दिसत नव्हती.

सोसण्याचा सल्ला कोण कोणाला देतो, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते नव्या नवरीच्या म्हणीत: तीन वर्षे मुकी, तीन वर्षे बहिरी, तीन वर्षे आंधळी. ही म्हण ज्या जगण्याविषयी आहे त्याला कोरियनमध्ये 'शिजिप्सारी' म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्द शोधावा लागला नाही. सासुरवास.