बाबेल्सबर्ग : एक वास्तू, अनेक धनी

बर्लिननजीकच्या बाबेल्सबर्ग येथील स्टुडिओत १९१२ च्या फेब्रुवारीत, काचेच्या छताखाली, पहिले चित्रण झाले. पुढे तो ‘ऊफा’ संस्थेकडे आला आणि ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) सारखी कृती तेथे घडली. १९३३ नंतर नाझी सत्तेने ज्यू कलावंतांना घालवून दिले व त्याच यंत्रांकडून स्वतःचा प्रचार करवून घेतला. १९४६ त स्थापन झालेल्या ‘डेफा’ने तेथेच पूर्व जर्मनीचे चित्रपट काढले; परंतु १९६५-६६ त त्या राजवटीने आपल्याच संस्थेचे अनेक चित्रपट डब्यांत बंद केले. बर्लिनची भिंत कोसळल्यावरच त्यांतील बहुतेक प्रेक्षकांपुढे आले. १९९२ त स्टुडिओ खाजगी मालकीचा झाला.

धनी बदलले, वास्तू राहिली. कलेचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न रसिकाने कधीही विसरू नये, असे आम्हांस वाटते.