खेळाचा संगणक : आधी हिशोब, मग खरेदी

मुले खेळासाठी संगणक मागतात, तेव्हा पालक एक तर नकार देतात, नाही तर कर्ज काढतात. आमच्या मते तिसरा मार्गही आहे. सुटे भाग घेऊन संगणक टप्प्याटप्प्याने उभा करता येतो.

यातील सर्वांत महाग भाग बहुधा ग्राफिक्स कार्ड. ते आरंभी टाळता येते. २०२१ साली आलेल्या रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय आतच असते; अभ्यास आणि हलके खेळ दोन्ही चालतात. कार्ड पुढे बोनस मिळाल्यावर घ्यावे. रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात. अशा प्रोसेसरवर खेळ अधिक वेगाने चालतो.

काटकसर करू नये ती पॉवर सप्लायमध्ये. बिननावाचा स्वस्त सप्लाय बिघडला, तर इतर भागही जळू शकतात. पुढच्या कार्डाचा भार धरूनच तो निवडावा. रंगीत दिव्यांवाचून मात्र काही अडत नाही.

मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव विचारावेत आणि पक्के बिल घ्यावे. वॉरंटीला तेच कामी येते. भागांची यादी मुलांनाच करू द्यावी. मोजक्या पैशांत निवड करणे, हेही शिक्षणच होय.