फुल रेसला गाडी मिसिंग का करते? आधी झटका कधी येतो ते बघा

गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते. सिग्नल, गर्दी, गल्लीबोळ, कुठेच तक्रार नाही. पण हायवेला लागून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की झटके सुरू होतात आणि वेग वाढायच्या ऐवजी गाडी दम सोडते. रेस थोडी कमी केली की पुन्हा शहाण्यासारखी पळते. यालाच गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी वरच्या रेसला मिसिंग करतेय’.

पुढचं बहुतेकांच्या ओळखीचं आहे. प्लग बदलला जातो, कार्बोरेटर साफ होतो, स्टँडवर उभ्या गाडीला दोन-चार वेळा रेस दिली जाते आणि ‘झाली’ म्हणून चावी हातात येते. मग पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर, नेमकं ट्रकला ओव्हरटेक करताना, तोच झटका पुन्हा येतो. तिथे तो जिवावर बेतू शकतो.

स्टँडवर दोष दिसत नाही याचं कारण साधं आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनावर ओझंच नसतं. थोडं पिळलं तरी आरपीएम वर चढतात, त्यामुळे थ्रॉटल खऱ्या अर्थाने पूर्ण उघडून इंजिन ताकद लावतंय ही परिस्थिती तिथे येतच नाही. रस्त्यावर मात्र फुल थ्रॉटलला दोन गोष्टी एकदम घडतात: पेट्रोलची मागणी सर्वांत जास्त होते, आणि सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त होतो. पहिलीमुळे पेट्रोलच्या वाटेतला अडथळा उघडा पडतो, दुसरीमुळे अशक्त ठिणगी. दोन्हींचे झटके वरवर सारखेच वाटतात, पण त्यांच्या वेळा वेगळ्या असतात.

झटका लगेच येतो की थोड्या वेळाने?

आधी कार्बोरेटरची गाडी घेऊ, कारण 2020 च्या आधीच्या अशा गाड्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत.

पूर्ण पिळल्यावर गाडी दहा-वीस सेकंद छान पळते आणि मग हळूहळू मरगळते का? तसं असेल तर संशय टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर घ्या. 150 सीसीच्या गाडीला पूर्ण वेगात तासाला साधारण तीन ते चार लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला 50 ते 65 मिलिलिटर. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडंसंच पेट्रोल साठलेलं असतं. वरून येणारं पेट्रोल कमी पडलं तर आधी हा साठा वापरला जातो, तो घटला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी झटके देते. रेस कमी केली की वाटी पुन्हा भरते आणि सगळं आलबेल वाटतं.

इथे पहिला संशयित टाकीचं झाकण, आणि तेच सगळ्यात शेवटी तपासलं जातं! झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीने किंवा गंजाने बुजलं की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायला कुरकुरतं. गाडीने दम सोडला की बाजूला थांबून झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर पुढचे काही किलोमीटर गाडी नीट पळाली, तर रोग सापडला. छिद्र साफ करायला पैसे लागत नाहीत.

झाकण ठीक असेल तर पेट्रोल कॉकची जाळी, फिल्टर आणि नळी बघा. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, नळी कार्बोरेटरकडून काढून एका बाटलीत मिनिटभर पेट्रोल सोडा. मिनिटाला दीडशे मिलिलिटर तरी सहज यायला हवं. थेंब-थेंब येत असेल तर कार्बोरेटर खोलायची गरजच नाही. (काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या खेचीवर उघडतो, त्यात ही चाचणी अशी जमत नाही.)

आता दुसरी तऱ्हा. पूर्ण पिळल्या-पिळल्या गाडी अडखळते, पण मूठ किंचित मागे घेतली की उलट जास्त खेचते. हे मेन जेटचं लक्षण. कार्बोरेटरमध्ये प्रत्येक टप्प्याला पेट्रोल देणारा भाग वेगळा असतो: स्लो रेसला पायलट जेट, मधल्या टप्प्यात सुई, आणि शेवटच्या पाव भागात मुख्यतः मेन जेट. म्हणून बाहेरचा स्क्रू फिरवून ‘ट्यूनिंग’ केल्याने ही तक्रार जात नाही. तो स्क्रू स्लो रेसचा आहे, त्याचा इथे संबंध नाही. मोकळ्या रस्त्यावर, झटके येत असताना, चोक थोडा ओढून बघा. सुधारणा झाली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडलं तर पेट्रोल जास्त आहे किंवा ठिणगीची गडबड आहे, आणि पेट्रोल जास्त होण्यामागे अनेकदा फक्त धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर असतो.

उलटा प्रकारही असतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर बसवला, पण जेट कंपनीचाच ठेवला, तर हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. अशा गाडीने वर झटके दिले तर आश्चर्य नाही. पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही थोडा वाटा आहे. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्शनची गाडी ते सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी बाहेर काढताच मिसिंग करत असेल तर वाटीचा खालचा स्क्रू उघडून पेट्रोलसोबत पाणी येतंय का ते आधी बघा.

‘बघा, करंट येतोय’ यावर विश्वास ठेवू नका

प्लग काढून हेडला टेकवायचा, किक मारायची आणि निळी ठिणगी दाखवायची, ही गॅरेजमधली आवडती चाचणी. पण ती उघड्या हवेतली ठिणगी असते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि दाब वाढेल तसं तेवढंच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर ठिणगी आली म्हणजे आतही येईल असं नाही. अशक्त कॉइल, तडा गेलेली प्लग कॅप किंवा झिजून गॅप वाढलेला प्लग कमी रेसला निभावून नेतात आणि चढावर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण पिळल्यावर दगा देतात.

ठिणगीचा झटका एकदम तुटक असतो, स्विच बंद-चालू केल्यासारखा. इंजिन गरम झाल्यावरच तो येत असेल तर कॉइलवर संशय घ्या. फक्त पावसात येत असेल तर प्लग कॅप आणि वायर बघा. गॅप फिलर गेजने मोजा; आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो, अंदाजाने ठोकू नका. पल्सरसारख्या दोन प्लगच्या गाडीत एक प्लग मेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहतं, त्यामुळे दोन्ही काढून बघणं आलंच. चालू इंजिनाची कॅप मात्र कधीच उपटू नका. शॉक बसतो आणि सीडीआय जळू शकतो.

एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांमध्ये जेटच्या जागी इंजेक्टर आणि टाकीत पंप असतो. तत्त्व तेच: पंप किंवा फिल्टर थकला की दाब वरच्या रेसलाच कमी पडतो. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर काहीही बदलण्याआधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या.

काही झटके तर मिसिंगचे नसतातच. खालच्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत ताणल्यावर ठरलेल्या आरपीएमला अडखळत असेल, तर तो लिमिटर आहे, गिअर टाका. आवाज वाढतो पण वेग नाही, तर क्लच घसरतोय. खड्ड्यात झटका येऊन मीटरही लुकलुकला, तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल. ज्या गाड्यांना साइड स्टँडचा कट-ऑफ असतो त्यात तो स्विचही तपासा.

हे सगळं ‘वर तेवढं सांभाळून चालवतो’ म्हणून सोडून देऊ नका. पेट्रोल कमी पडत असताना फुल रेसला रेटलेलं इंजिन तापतं आणि पिस्टनला इजा होते. बीएस-6 गाडीत ठिणगी चुकली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तिथे जळतं आणि तो महागडा भाग खराब होतो.

फिटरकडे गेलात की ‘मिसिंग करते’ एवढंच सांगू नका. कोणत्या गिअरमध्ये, पिळल्यावर किती सेकंदांनी, थंड असताना की गरम झाल्यावर, आणि मूठ मागे घेतल्यावर काय होतं, हे सांगा. आणि झाल्यावर त्यालाच मागे बसवून जवळच्या चढावर एक चक्कर मारा.