तेराव्यानंतर येणारा माणूस

घरात कुणी गेलं की पहिले दहा-बारा दिवस माणसांची रीघ असते. तेरावं होतं, पाहुणे एसटीला लागतात आणि ओसरी ओस पडते. तालुक्याच्या गावातला जुना एलआयसी एजंट नेमका त्यानंतर येतो. पाणी घेतो, चहाला नको म्हणतो आणि बऱ्याच वेळाने हळूच विचारतो, "वहिनी, दादांचे बॉण्ड कुठे ठेवलेत?"

पॉलिसी विकताना कुणीही गोड बोलतं. या धंद्यातला माणूस कळतो तो या भेटीत. मृत्यूचा दाखला, 3783 नंबरचा फॉर्म, बँकेचं पासबुक, एवढंच लागतं म्हणायला. पण बॉण्डवर 'सुमन', आधारवर 'सुमनबाई' आणि पासबुकावर माहेरचं आडनाव असलं की खेटे सुरू होतात. ते घालतो एजंट. क्लेम मिळवून देण्याचं वेगळं कमिशन त्याला नसतं.

खरं तर क्लेमची तयारी पॉलिसी काढतानाच झालेली असते. 300 नंबरचा प्रपोजल फॉर्म भरताना चांगला एजंट साखर, बीपी, तंबाखू सगळं विचारतो, तेही शक्यतो बायकोसमोर, कारण ती खरं सांगते. कच्चा एजंट सगळीकडे 'नाही' लिहून सही घेतो. विमा कायद्याच्या 45व्या कलमाप्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर पॉलिसीला आव्हान देता येत नाही. पण माणूस त्याआधी गेला, तर ते 'नाही' घराच्या मुळावर येतं.

या माणसामागचा इतिहासही मराठी मुलखाला जवळचा आहे. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया 1913 सालची. अशा 245 देशी-विदेशी कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. राष्ट्रीयीकरणाची घोषणा त्याच वर्षी 19 जानेवारीला आकाशवाणीवरून केली ती अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, म्हणजे महाडजवळच्या नाते गावच्या माणसाने. पुढे काही महिन्यांतच मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. लोकांना राजीनामा आठवतो, विमा आठवत नाही.

एजंटाचं पोट चालतं ते जुन्या हप्त्यांवर. अनेक वर्षं हिशोब साधारण असा होता: पहिल्या वर्षी हप्त्याच्या 25 टक्के आणि वर बोनस कमिशन, पुढची दोन वर्षं 7.5, नंतर 5 टक्के. म्हणून पॉलिसी लॅप्स होणं त्यालाही परवडत नाही. गिऱ्हाईक मात्र त्या पहिल्याच कमिशनवर डोळा ठेवून असतं. "पहिला हप्ता तुम्हीच भरा की," हे वाक्य ऐकलं नाही असा एजंट मिळायचा नाही. कमिशनातला वाटा असा देणं 41व्या कलमाने गुन्हा आहे. गावात त्याला 'ॲडजस्ट करणं' म्हणतात.

आणि डायरी. कुणाचा हप्ता जूनला, कुणाचा सोयाबीन विकल्यावर, कुणाचं मनीबॅक पोरीच्या लग्नाच्या वर्षी, सगळं तिच्यात. सहामाही-वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची ग्रेस, मासिकाला 15. ग्रेस संपायच्या दिवशी एजंट कितीदा तरी पदरचे पैसे भरून येतो आणि नंतर बाजारच्या दिवशी वसूल करतो. महामंडळाच्या नियमांत मात्र वेगळी परवानगी असल्याशिवाय एजंटाला हप्त्याचे पैसे हातात घेण्याचा अधिकारच नाही. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात विमेदाराने चेक एजंटाकडे दिला होता. एजंटाने पैसे भरेपर्यंत विमेदार अपघातात गेलेला होता. एजंटाला दिलेले पैसे म्हणजे महामंडळाला दिलेले पैसे नव्हेत, असं न्यायालयाने म्हटलं आणि क्लेम गेला. कायदा म्हणून ते बरोबरच असेल. पण ज्या विश्वासावर हा धंदा वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचला, तो पावतीशिवाय दिलेल्या नोटांचाच होता.

त्याचं कौतुक करताना एक गोष्ट गिळून टाकता येत नाही. 'टेबल 14' एंडोमेंट, 'टेबल 75' मनीबॅक, 149चं जीवन आनंद, असं नंबरांनी बोलत त्याने पिढ्यांना बचत शिकवली, पण विमा कमीच विकला. शिक्षकाच्या घरात चार-चार बॉण्ड असतात आणि सगळ्यांची मिळून रक्कम दोन वर्षांच्या पगाराएवढीही भरत नाही. स्वस्तातला टर्म विमा त्याने पुढे केला नाही, कारण हप्ता लहान तर कमिशनही लहान. शिवाय "मेलो नाही तर काय मिळणार?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गिऱ्हाइकाला ऐकायचंही नव्हतं. मार्च एंडला टॅक्स वाचवायला धावत येणाऱ्याला तर टेबल कुठलंही चालायचं.

तरीही याच माणसांपैकी काहींनी कर्जात बुडालेल्या दुकानदाराला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874च्या कायद्याखाली पॉलिसी काढायला लावली. सावकाराला बुडवण्याच्या हेतूने काढलेली नसेल, तर त्या रकमेवर त्याला हात टाकता येत नाही. ती बायको-मुलांचीच. हा कायदा गावातल्या वकिलाआधी एजंटाला माहीत असायचा.

आता हप्ता फोनवरून भरला जातो, डायरी कपाटात गेली. जुने एजंट एकेक करून जातात. ठरलेल्या अटी पुऱ्या केलेल्या असल्या, तर त्यांनी काढून दिलेल्या पॉलिस्यांचं कमिशन पुढे वारसाला मिळत राहतं. त्यासाठीही एक अर्ज असतो. तेरावं उलटल्यावर कुणीतरी एजंटाच्याच घरी जाऊन वहिनींची सही घेऊन येतो. बहुतेकदा तो त्याच डीओ (डेव्हलपमेंट ऑफिसर) साहेबांच्या हाताखालचा दुसरा एजंट असतो.