‘बसतंय की!’ म्हणण्याआधी

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी कोल्हापूरहून कळे, साळवण करत गगनबावड्याच्या रस्त्याला लागा. धुकं, ओली हिरवाई आणि मक्याची कणसं भाजणाऱ्यांचा धूर तर भेटतोच, पण अलीकडे आणखी एक गोष्ट हमखास दिसते. जमिनीला टेकल्यासारख्या बसक्या, चकचकीत गाड्या. बारकाईनं पाहिलं तर त्यातल्या काहींची चाकं बॉडीच्या कडेला अगदी बरोबरीत आलेली असतात, काहींची तर इंचभर बाहेरच डोकावतात. कारखान्यातून गाडी अशी येत नाही. चाक आणि हब यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची एक जाड चकती घातलेली असते. तिला स्पेसर म्हणतात.

माझ्या एका मित्राच्या मुलानं गेल्या वर्षी जुनी, दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. गाडी सुरेख, पण त्याची एक तक्रार होती. ‘काका, चाकं आत बुडल्यासारखी दिसतात बघा.’ म्हणून त्यानं शहरातल्या एका टर्नरकडून पाच मिलिमीटरच्या चार चकत्या लेथवर करून घेतल्या, त्यांना काळा स्प्रे मारला आणि चारी चाकांना बसवल्या. हा नमुना पसंत पडला तर पुढं पंधरा मिलिमीटरच्या करायच्या होत्या. टर्नरला विचारलं होतं, काही होणार नाही ना? उत्तर अस्सल कोल्हापुरी मिळालं : ‘बसतंय की!’

चकती बसते हे खरंच आहे. ती बसल्यावर काय होतं, हा प्रश्न वेगळा.

आधी फायद्याचं बोलू, कारण तो अगदीच खोटा नाही. तालमीतला पैलवान पवित्रा घेताना पाय फाकवून उभा राहतो, तसंच हे आहे. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. गाडीचा गुरुत्वमध्य जितका उंच तितका जास्त, आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जितकं मोठं तितका कमी. आता हे अंतर दीड मीटर धरा. दोन्ही बाजूंना पंधरा मिलिमीटरचे स्पेसर घातले की ते १५०० वरून १५३० मिलिमीटर होतं. म्हणजे सरकणारा भार जेमतेम दोन टक्क्यांनी घटतो. शर्यतीच्या ट्रॅकवर, जिथं सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडा असतो, तिथं या दोन टक्क्यांना किंमत आहे. गगनबावड्याच्या रस्त्यावर चालकाला तो फरक जाणवेल, यावर माझा विश्वास नाही. बहुतेक लोक स्पेसर लावतात ते दिसण्यासाठी, आणि तसं सरळ कबूल करण्यात काही गैर नाही.

आता खरी गोष्ट. चाक गाडीला कशानं धरलेलं असतं? शंभरातले नव्वद जण सांगतील, बोल्टनं. भिंतीतल्या खुंटीला पिशवी लटकावी तसं चाक बोल्टवर लटकलेलं आहे, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. ते चुकीचं आहे. बोल्टचं काम चाकाला हबवर दाबून धरण्याचं. चाक घट्ट दाबलं गेलं की दोन सपाट पृष्ठभागांमध्ये घर्षण तयार होतं आणि गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका हे सगळं प्रामुख्यानं ते घर्षण सोसतं. चौदा मिलिमीटर जाडीचा बोल्ट १२० न्यूटन-मीटर टॉर्कनं आवळला, तर तो सुमारे चार-साडेचार टनांच्या बळानं चाक दाबतो. एका चाकाला असे पाच बोल्ट, म्हणजे वीस टनांहून जास्त. आकडा ऐकून छाती फुगते.

पण हे बळ येतं कुठून, ते पाहिलं की छाती पुन्हा आत जाते. बोल्ट आवळताना तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. त्या आखडण्याच्या ओढीनं चाक दाबलं जातं. हे ताणणं किती? आपल्या या बोल्टच्या बाबतीत साधारण पाच शतांश मिलिमीटर. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी जवळपास तेवढीच असते. वीस टनांचा सगळा डोलारा एका केसाच्या जाडीवर उभा आहे.

म्हणून त्या काळ्या स्प्रेची मला धास्ती वाटली. रंगाचा थरही तेवढ्याच जाडीचा, बऱ्याचदा त्याहून जाड असतो. नव्या चकतीवर रंग मारून ती हब आणि चाकाच्या मध्ये दाबली, की पहिल्या काही किलोमीटरमध्ये तो रंग चेपतो, सरकतो, कडेनं बाहेर येतो. बोल्ट तसूभरही फिरलेला नसतो, नट-बोल्ट पाहिले तर सगळं ठीक दिसतं, पण ताण मात्र गेलेला असतो. गंजाचंही तसंच. आपल्याकडच्या पावसात लोखंडी हबच्या तोंडावर गंजाचे पोपडे येतात. त्यावर तसंच चाक चढवलं, तर गंजाचा भुगा होऊन जागा मोकळी होते. स्पेसर नसताना असा एकच सांधा असतो, हब आणि चाक यांचा. स्पेसर आला की सांधे दोन होतात. धोका लगेच दुप्पट होतो असं नाही, पण काळजी मात्र दुप्पट घ्यावी लागते. त्यात लोखंड आणि अॅल्युमिनियम हे दोन धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये पावसाचं पाणी शिरलं, तर अॅल्युमिनियम झपाट्यानं खराब होतं. वर्षभरानं चकती हबला अशी चिकटते की हातोडीशिवाय निघत नाही.

ताण गेला म्हणजे लगेच चाक निखळतं का? नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण फसवं आहे. घर्षण कमी पडलं की चाक हबवर सूक्ष्मसं सरकू लागतं आणि जे काम बोल्टचं नव्हतंच ते त्याच्या माथी येतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो एकदा इकडे वाकतो, एकदा तिकडे. साधारण गाडीच्या टायरचा घेर दोन मीटर धरला, तर किलोमीटरला पाचशे फेरे. कोल्हापूर ते गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. म्हणजे वरच्या चौकात चहाला थांबेपर्यंत बोल्ट सत्तावीस हजारांहून जास्त वेळा वाकलेला असतो. पत्र्याची पट्टी हातानं इकडेतिकडे वाकवत राहिलो तर ती शेवटी मोडते, हे आपण लहानपणी करून पाहिलेलं आहे. धातूचा हाच थकवा. कुठल्या तरी आट्याच्या खाचेत केसासारखी चीर पडते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. अशा मोडलेल्या बोल्टचं तोंड पाहिलं, तर त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतात. एक बोल्ट गेला की त्याचा भार उरलेल्या चारांवर येतो. मग फार वेळ लागत नाही.

आता आट्यांचा हिशेब. बोल्ट आत किती शिरला पाहिजे? पोलादात पोलाद असेल, तर निदान बोल्टच्या जाडीइतका, असा इंजिनिअरांचा जुना ठोकताळा आहे. चौदा मिलिमीटरच्या बोल्टला दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर असेल, तर हे साधारण नऊ-साडेनऊ फेरे झाले. मी मुलाला विचारलं, ‘बोल्ट नवे घेतलेस का जुनेच?’ तो म्हणाला, ‘जुनेच बसले की, काका.’ मग आम्ही जॅक लावला आणि बोल्ट हातानं फिरवत मोजला. सहा फेरे झाले आणि तो टेकला. पाच मिलिमीटरच्या चकतीनं तीनहून जास्त फेरे खाल्ले होते. बोल्ट आवळताना हाताला काहीच वेगळं जाणवत नाही. सहा फेऱ्यांवरही पाना तसाच कडक होतो. चकती पाच मिलिमीटरची असेल तर बोल्टही पाच मिलिमीटर लांब हवा, आणि त्याचं डोकं मूळच्याच घाटाचं हवं. काही गाड्यांत ते गोल असतं, काहींत निमुळतं. ही अदलाबदल केली तर बोल्ट कडेवरच टेकतो.

केंद्राचा प्रश्नही आहे. हबच्या मधोमध एक गोल ओठ पुढे आलेला असतो आणि चाकाचं मधलं भोक त्यावर बरोबर बसतं. चाक मध्यावर राहतं ते त्यामुळे. पंधरा मिलिमीटरची चकती तो ओठ पार झाकून टाकते. म्हणून चांगल्या स्पेसरला स्वतःचा तसाच ओठ कोरलेला असतो. तो नसेल, किंवा लेथवर अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली असेल, तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि मालक बिचारा व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. कोल्हापूरच्या लेथचा हात कच्चा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. शिवाजी उद्यमनगरात याहून शंभरपट अवघड कामं रोज होतात. पण तिथं ती नकाशा समोर ठेवून, माप ठरवून होतात. ‘अशी एक चकती दे’ एवढ्या सांगण्यावर होत नाहीत.

बेअरिंगची भीती लोक फार घालतात. चाक बाहेर गेल्यानं बेअरिंगवर वाढीव पीळ येतो हे खरं. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार दहा टक्के वाढला, तर आयुष्य सुमारे पाव भागानं कमी होतं. पण बेअरिंग निदान बोंबलून सांगतं. घूं-घूं आवाज येतो, एका बाजूला वळताना तो वाढतो. बोल्ट असा काही निरोप देत नाही.

घाटाच्या दृष्टीनं मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पुढचं चाक स्टिअरिंगबरोबर ज्या अक्षाभोवती वळतं, ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायरच्या मध्याच्या किंचित आत किंवा किंचित बाहेर टेकते. १९७२ च्या ऑडी ८० पासून अनेक पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत ती मुद्दाम बाहेरच्या बाजूला टेकवलेली असते. त्याचं कारण समजून घ्या. करूळ घाटात समोरून ट्रक आला म्हणून तुम्ही डावी चाकं कडेच्या लाल चिखलात उतरवली आणि ब्रेक दाबला. उजवं चाक डांबरावर आहे, त्याला पकड आहे. डावं घसरतंय. साहजिकच गाडी उजवीकडे, म्हणजे नेमकी ट्रककडे फिरू पाहते. ती रेषा बाहेर टेकणारी असेल, तर हाच ब्रेकचा जोर स्टिअरिंगला आपोआप किंचित डावीकडे ओढतो आणि गाडी सावरायला मदत होते. पंधरा मिलिमीटरची चकती घालून तुम्ही टायरचा मध्यच बाहेर ढकलता. मग सावरणारा ओढा नाहीसा होतो किंवा उलटा फिरतो. कोरड्या, सरळ रस्त्यावर हे वर्षभर कळणार नाही. कळेल ते एकदाच.

मग स्पेसर म्हणजे वाईटच का? तसं नाही. पोर्शेनं आपल्या ९११ च्या काही मॉडेलांना स्वतःच स्पेसर दिलेले आहेत, पण जोडीला योग्य लांबीचे बोल्ट होते आणि मागं चाचण्या होत्या. जर्मनीत बाजारातला स्पेसर रस्त्यावर वापरायचा तर त्याला तांत्रिक मान्यता लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. अपघातानंतर विम्याचा माणूस गाडी पाहायला येतो तेव्हा त्याची नजर चाकांवर जातेच. हौस ट्रॅकवर भागवता येते, कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहेच.

एवढं सगळं सांगूनही त्या मुलाला पाच मिलिमीटरच्या चकत्या काढायच्या नव्हत्या. मी म्हटलं, ठीक, निदान लांब बोल्ट आण. ते त्यानं आणले. पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनला हात न लावता टॉर्क रेंचनं आवळले. चाक बदललं की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात, हा नियम साध्या चाकालाही लागू आहे. कोल्हापूरकरांना हे अंतर आयतंच आखून मिळालं आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट जिथून फुटतात, तिथंच ते संपतं. पुढं उतार. चौदाशे किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरवताना ती नुसती ब्रेकवर धरली, तर तयार होणाऱ्या उष्णतेवर चार लिटर पाणी उकळेल. ती उष्णता डिस्कमधून हबला, हबमधून चकतीला पोचते, आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं.

आम्ही गगनबावड्याला पोचलो तेव्हा पाऊस बारीक पडत होता. चहा होईपर्यंत चाकं निवू दिली. मग त्यानं डिकीतून रेंच काढला आणि एकेका बोल्टला लावला. अठरा बोल्टांवर लगेच ‘कट’ असा आवाज आला. मागच्या डाव्या चाकाचे दोन मात्र फिरले. एक पाव फेरा, दुसरा थोडा जास्त. मी वाकून पाहिलं, चकतीच्या कडेनं काळा रंग बारीक सुरळी होऊन बाहेर आला होता.

त्यानं तो नखानं खरवडला, बोटावर घेऊन पाहिला. वैभववाडीला जेवायला जायचं ठरलं होतं. ते रद्द करून त्यानं गाडी साळवणच्या दिशेला वळवली आणि घरी येईपर्यंत काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही.