लावलेलीं झाडें आणि जगलेलीं झाडें

जुलै महिना उजाडला म्हणजे आपल्या राज्यांत वृक्षारोपणाचा सोहळा सुरू होतो. मंत्री, अधिकारी आणि शाळांतील मुलें खड्ड्यांभोंवतीं उभीं राहतात, छायाचित्रें निघतात व आंकडे प्रसिद्ध होतात. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं २ कोटी, २०१७ सालीं ४ कोटी, २०१८ सालीं १३ कोटी आणि २०१९ सालीं ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला, आणि तो सिद्धीस गेल्याचेंही जाहीर झालें. पुढें २०२१ सालीं याच मोहिमेच्या चौकशीसाठीं विधिमंडळाची समिती नेमावी लागली. एवढ्यावरूनच लोकांच्या मनांत कोणती शंका घर करून होती हें सुज्ञ वाचकांस कळण्यासारखें आहे.

आमचा आक्षेप लागवडीवर नाहीं, मोजणीच्या रीतीवर आहे. नुसतें खरेदीखत पुढें टाकल्यानें जमिनीचा कबजा शाबीत होत नाहीं, हें कोर्टाची पायरी चढलेल्या कोणाही शेतकऱ्यास ठाऊक आहे. मग रोपांचें बिल आणि खड्ड्यांची संख्या दाखवून वन उभें राहिल्याचा दावा सरकारनें कोणत्या न्यायानें करावा?

माण, खटाव, सांगोला, आष्टी या पर्जन्यछायेंतील तालुक्यांत वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही मोजक्या दिवसांत पडून जातो. त्यानंतरचे सात-आठ महिने रोपानें जगावयाचें तें जमिनीच्या पोटांतील ओलीवर. म्हणून या मुलखांतील झाड आधीं खालीं वाढतें आणि मग वर. खानदेशांतल्या उजाड टेकड्यांवर तग धरणारा अंजन घ्या. बी रुजतांच त्याचें सोटमूळ मुरमांतून खोल उतरूं लागतें; वर मात्र लहानशा कोंबाखेरीज पुष्कळ दिवस कांहीं दिसत नाहीं. अशा झाडाचें रोप प्लॅस्टिकच्या आंखूड पिशवींत वर्षभर कोंडलें म्हणजे मूळ तळाशीं जाऊन वेटोळें घालतें. रोप वरून टवटवीत दिसतें, तें थाटामाटानें लावलेंही जातें; पण वळलेलें मूळ ओलीपर्यंत पोंचत नाहीं, आणि चैत्राच्या उन्हांत रोप मान टाकतें. मग खापर फुटतें तें धनगराच्या शेळीवर! शेळी अगदींच निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें रोप पिशवींतच मेलें होतें त्याचा खून शेळीच्या माथीं मारणें हा उघड अन्याय होय.

अंजन, खैर, बाभूळ, बोर यांचें बी जागेवरच पेरावें, उतारावर सलग समतल चर खोदून पाणी मुरवावें, आणि जमीन हातभर भिजल्यावांचून रोप लावूं नये. लागवडीचा दिवस पावसानें ठरवावयाचा असतो, मंत्र्यांच्या दौऱ्यानें नव्हे. शिवाय कित्येक माळांवर लावण्याची गरजच नसते. पळस, धावडा, कडुलिंब यांचीं खुंटें कुऱ्हाडीखालीं वर्षानुवर्षें सांपडूनही आंत जिवंत असतात. चार-पांच वर्षें राखण झाली तर तीं आपण होऊन फुटतात. यांत खर्च थोडा, आणि उद्घाटनास जागा नाहीं. मध्य अमेरिकेंतून आलेल्या गिरिपुष्पावर खात्याची विशेष मर्जी दिसते. गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून तें मोजणींत टिकतें. बांधावर हिरवळीच्या खतासाठीं तें उत्तम आहे. पण त्याच्या रांगांस वन म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

आणि प्रत्येक उघडा माळ म्हणजे उजाड रान असेंही नव्हे. सोलापुराजवळील नान्नजचा माळ ज्या माळढोकासाठीं राखला गेला, त्यास उघडें गवतच लागतें. लांडगा, चिंकारा आणि मेंढपाळ यांचाही निर्वाह याच गवतावर. जंगल खात्यानें गांवांचीं चराऊ रानें गिळल्याची तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत केली होती. स्वराज्यांतील खात्यानें झाडांच्या नांवाखालीं तोच मार्ग धरावा, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ नें चराईचे आणि फिरत्या पशुपालकांचे हंगामी हक्क मान्य केले आहेत, आणि त्याच कलमानें सामूहिक वनसंपत्तीचें रक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा हक्कही दिला आहे. कायदा आहे, तो वाचण्याची इच्छा नाहीं.

राखण गांवानेंच करावी लागते, चौकीदाराच्या शिटीनें ती होत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतःवर लादून घेतली, आणि गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली. गुरांस वैरण मिळाली, म्हणून बंदी टिकली. ज्या गांवास आधीं विचारलें नाहीं, तेथें कुंपणाच्या तारा प्रथम जातात आणि रोपें मागाहून.

यास्तव सरकारजवळ आमचें मागणें असें कीं, कोणत्याही लागवडीचा आंकडा तिसरा उन्हाळा सरल्यावांचून प्रसिद्ध करूं नये. ती मोजणी ग्रामसभेच्या समक्ष व्हावी. गटनंबर, झाडाची जात, लावलेलीं व जगलेलीं रोपें यांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आणि रोपें पुरविणाऱ्याच्या बिलाचा शेवटचा हप्ता या तक्त्यावर ग्रामसभेची सही पडेपर्यंत रोखून ठेवावा.