भूल उतरल्यावरची उलटी आणि चार प्रश्नांचं गणित

समजा, तुमच्याकडे शंभर डॉलर आहेत. ऑपरेशननंतरचा कोणता त्रास टाळायला त्यातले किती मोजाल, ते वाटून दाखवा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांनी रुग्णांना हे कोडं घातलं आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यात मोठी रक्कम टाक्यांच्या दुखण्यावर लागली असेल, असं कुणालाही वाटेल. ती लागली उलटीवर.

आपल्याकडे या उलटीचं खापर पित्तावर फुटतं. ‘रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, पित्त खवळणारच’ अशी नातेवाइकांची खात्री असते. खरी गडबड मेंदूत होते. मेंदूच्या देठाजवळ ‘एरिया पोस्ट्रेमा’ नावाचा इवलासा भाग आहे. रक्तातली घातक द्रव्यं मेंदूत शिरू नयेत म्हणून इतरत्र जो कडेकोट पडदा असतो, तो इथे नाही. त्यामुळे रक्तात काही विषारी आलं की या भागाला ते लगेच कळतं आणि पोट रिकामं करण्याचा आदेश सुटतो. भुलेचे वायू आणि मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं ही यंत्रणा चाळवतात. आतड्यातून सुटणारं सेरोटोनिन आणि अंतर्कर्णाकडून येणारे संदेश त्यात भर घालतात. पोट रिकामं असलं तरी कोरडे उमासे येतात ते यामुळेच. त्यातून टाक्यांवर ताण येतो, घरी सोडणं लांबतं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तर डोळ्यातला दाब वाढणं परवडणारं नसतं.

काहीच औषध दिलं नाही, तर मोठ्या ऑपरेशननंतर दहातल्या साधारण तिघांना मळमळ किंवा उलटी होते. ते तिघं कोण, याचा अंदाज आधी बांधता येतो. जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिस्टियन आपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जर्मनी आणि फिनलंडमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून चार प्रश्न निवडले. रुग्ण स्त्री आहे का? विडी-सिगारेट न ओढणारी व्यक्ती आहे का? पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का, किंवा गाडी लागते का? ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं लागणार आहेत का? एकही ‘हो’ नसेल तर शक्यता सुमारे १० टक्के. पुढे प्रत्येक ‘हो’सरशी ती २०, ४०, ६० आणि ८० टक्क्यांपर्यंत चढते. धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास कमी का होतो, याचा पुरता उलगडा झालेला नाही. पण त्यासाठी कुणी सिगारेट पेटवायला नको.

औषधांचं गणितही आपफेल यांच्याच गटाने मांडलं. ५,१९९ रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली आले. सेरोटोनिनची वाट अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन, स्टेरॉइड गटातलं डेक्सामेथासोन आणि डोपामिनला रोखणारं ड्रोपेरिडॉल, तिन्ही तुल्यबळ ठरली. प्रत्येकाने धोका साधारण २६ टक्क्यांनी, म्हणजे जेवढा उरला असेल त्याच्या पाव हिश्श्याने, घटवला. भुलेचा वायू टाळून प्रोपोफॉल शिरेतून दिलं, तर आणखी १९ टक्के घट झाली. आता हिशेब करा. चारही उत्तरं ‘हो’ असलेल्या शंभर जणांत ८० जणांना त्रास होणार. पहिलं औषध त्यातल्या २१ जणांना वाचवतं, दुसरं आणखी १५ जणांना. एकही ‘हो’ नसलेल्या शंभरांत तेच औषध दोन-तीन जणांच्याच कामी येतं. दुष्परिणाम मात्र दोन्हीकडे सारखेच. म्हणून सरसकट सगळ्यांना सगळं देत नाहीत. २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एक-दोन धोके असतील तर दोन औषधं आणि त्याहून जास्त असतील तर तीन-चार उपाय एकत्र योजावेत.

वेळही पाहावी लागते. डेक्सामेथासोनचा असर सावकाश चढतो, म्हणून ते सुरुवातीलाच देतात. तेही भूल चढल्यावर, कारण जाग्या माणसाला झटकन टोचलं तर जांघेत काही क्षण जबर आग आणि खाज सुटते. चार मिलिग्रॅम ऑन्डान्सेट्रॉन मात्र टाके घालायच्या सुमारास शिरेत जातं, म्हणजे शुद्ध येताना ते ऐन भरात असतं.

आकड्यांवर इतकी भिस्त असलेल्या या शाखेत आकड्यांचाच घोटाळाही झाला. जपानचे योशिताका फुजी ग्रॅनिसेट्रॉन या उलटीविरोधी औषधावर धडाधड शोधनिबंध छापत होते. त्यांच्या निबंधांत वेगवेगळ्या गटांतल्या डोकेदुखीचे आकडे संशय यावा इतके हुबेहूब जुळतात, हे २००० सालीच एका पत्रातून निदर्शनास आणणाऱ्यांत आपफेलही होते. तरी फुजींचे निबंध छापून येतच राहिले. अखेर २०१२ साली जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत त्यांचे १७२ निबंध बनावट ठरले.

औषध देऊनही सहा तासांच्या आत उलटी झालीच, तर तेच इंजेक्शन पुन्हा देऊन फारसं साधत नाही. दुसऱ्या गटातलं द्यावं लागतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा त्यावर गोळ्या चालू असतील तर ते भूलतज्ज्ञाला आधी सांगावं, कारण ऑन्डान्सेट्रॉन आणि ड्रोपेरिडॉल ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात.

चार प्रश्नांपैकी एकाचं उत्तर केसपेपरवरच असतं, दुसऱ्याचं डॉक्टरांच्या हाती. उरलेल्या दोन उत्तरांसाठी भूलतज्ज्ञ पूर्णपणे पेशंटवर अवलंबून असतो. त्यातली सिगारेट घरच्यांसमोर लपवली जाते. आणि आंबा घाट उतरताना दर वेळी पिशवी हातात धरावी लागते, ही गोष्ट ऑपरेशनशी संबंध नाही म्हणून कुणी सांगतच नाही.